शब्दांचीं नगरें

नाशिकच्या द्वारकेवर मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांस भेटतात. तेथील मालमोटारी, एस्. टी.च्या गाड्या आणि रिक्षा यांच्या गोंगाटांत त्या चौकाच्या नांवाकडे कोणाचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. तथापि नांव मोठें अर्थपूर्ण आहे. महाभारताच्या मौसलपर्वांत अर्जुन उरल्यासुरल्या लोकांस घेऊन द्वारकेबाहेर पडतो आणि त्याच्या पाठीमागें समुद्र ती नगरी गिळीत येतो. कृष्णाची ती नगरी आज आहे ती शब्दांत. पुराणिकानें वर्णन करावें आणि श्रोत्यानें मनानें वेशींतून आंत शिरावें, एवढीच तिची वाट उरली आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस अशाच, केवळ शब्दांनीं उभारलेल्या नगरांविषयीं लिहावयाचें आहे. भेद इतकाच कीं या नगरांत श्रोता म्हणून कोणी नाहीं. जो शिरेल तो पात्र. संगणकाच्या तारेवरून अनेक माणसें एकाच वेळीं ज्या काल्पनिक जगांत उतरतात, परंतु ज्यांत चित्र नाहीं कीं ध्वनि नाहीं, अशा खेळास इंग्रजींत 'मड' म्हणतात. 'मल्टि-यूजर डंजन' या शब्दांचीं हीं आद्याक्षरें. आपण त्यास 'बहुजनांचें भुयार' म्हणूं. पडद्यावर चार ओळी उमटतात: आपण कोठें उभे आहोंत, समोर काय पडलें आहे, कोणत्या दिशेस वाट आहे, जवळ कोण आहे. खेळणारानें 'उत्तर' असें टंकलें कीं तो उत्तरेस जातो. 'दिवा घे' म्हटलें कीं दिवा त्याच्या हातीं येतो. शेजारीं उभा असलेला मांत्रिक मात्र यंत्राचा नव्हे. तो सातासमुद्रांपलीकडे बसलेला कोणी विद्यार्थी किंवा कारकून असतो.

या खेळाचा वंश फार जुना नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच मंडळींनीं मेजाभोंवतीं बसावें, एकानें कथा सांगावी, बाकीच्यांनीं योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घ्यावीं आणि फांसे टाकून प्रसंग निभवावे, ही त्याची रीत. पुढें लवकरच विल क्राउदर या संगणकतज्ज्ञानें, जो स्वतः केंटकींतील मॅमथ नामक अफाट गुहेंत हिंडलेला होता, तिचाच नकाशा शब्दांत घालून एक खेळ रचला आणि डॉन वुड्स यानें १९७७ सालीं तो वाढविला. पण त्या गुहेंत शिरणारा एकटाच असे. त्याच्याशीं बोले तें यंत्र.

हा एकांत फोडला तो इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठाच्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें, १९७८ च्या शरदांत. विद्यापीठाच्या 'पीडीपी-१०' या संगणकास एकाच वेळीं अनेक जण जोडलेले असत; त्या सर्वांस एकाच जगांत कां उतरवूं नये, असें त्याच्या मनांत आलें. १९८० सालीं हें काम त्याचा सोबती रिचर्ड बार्टल याच्या हातीं आलें आणि त्यानें तें तडीस नेलें. दिवसा यंत्र विद्येच्या कामांत गुंतलेलें; म्हणून बाहेरच्या खेळाडूंस रात्रीं मुभा मिळे. खेळाचे नियम कठोर होते. लढाईंत मेलेलें पात्र कायमचें पुसलें जाई आणि महिन्यांचे श्रम क्षणांत वायां जात. मौज अशी कीं सांपडलेला खजिना जवळ बाळगून नव्हे, तर दलदलींत नेऊन टाकल्यानें गुण मिळत. त्यागानें पदवी चढते हें पाहून आपल्या पुराणिकबोवांसहि संतोष झाला असता! पुरेसे गुण जमले कीं खेळाडू मांत्रिकपदास पोंचे आणि मग त्या जगाचे नियमच त्याच्या हातीं येत.

बार्टल यांनीं पुढें अनेकदां सांगितलें आहे कीं हें जग रचण्यामागें त्यांचा एक रोष होता. इंग्लंडांत माणसाची पायरी त्याच्या जन्मावरून आणि बोलण्याच्या ढबीवरून ठरते. तशी ती जेथें ठरणार नाहीं, अशी एक जागा त्यांना हवी होती. ज्या देशांत आडनांव ऐकतांच समोरचा माणूस आपला हिशेब मांडून मोकळा होतो, त्या देशांतील वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. भुयारांत आडनांव नसतें. तेथें घेतलेलें नांव आणि लिहिलेलीं वाक्यें, एवढीच पुंजी.

एसेक्सचें बीज पाहतां पाहतां पसरलें. १९८९ सालीं अमेरिकेंत जेम्स ॲस्पनीस यानें 'टायनीमड' रचलें. त्यांत लढाई नव्हती. येणाऱ्यानें आपली खोली, आपला बाग शब्दांनीं बांधावा आणि गप्पा माराव्या. तें वर्षभरहि टिकलें नाहीं. १९९१ सालीं कोपनहेगनच्या पांच विद्यार्थ्यांनीं 'डिकूमड' बाहेर सोडलें; तें कोणीहि घ्यावें, मात्र त्यावर नफा मिळवूं नये, अशी त्यांची अट होती. त्याची बांधणी पुढें सचित्र खेळांनीं उचलली आणि १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'वर त्याची छाया स्पष्ट दिसते.

आपल्याकडे ही वाट उघडली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या दिवशीं विदेश संचार निगमानें आंतरजाल सामान्य जनांस खुलें केलें. त्या वेळीं विद्यार्थ्यास परवडेल असें जें स्वस्त खातें मिळे, त्यांत चित्रें दिसत नसत. काळ्या पडद्यावर नुसतीं अक्षरें. श्रीमंतांच्या खात्यांत जगाचीं रंगीत पानें उघडत. पण मडच्या दारांत दोघे सारखे. उलट अक्षरांचें खातें त्या कामास तंतोतंत पुरेसें होतें. दारिद्र्यानें ज्या थोड्या वाटा मोकळ्या ठेवल्या त्यांपैकीं ही एक.

तरीहि शब्दांचा असा खेळ महाराष्ट्रास सर्वस्वी नवा होता असें आम्हांस वाटत नाहीं. सिन्नरजवळच्या बावीचा शाहीर परशराम आमच्या नाशिक जिल्ह्याचाच. त्या काळच्या शाहिरांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. तुरेवाल्यांनीं शिवाचें श्रेष्ठत्व गावें, कलगीवाल्यांनीं शक्तीचें. एकानें कूट घालावें, दुसऱ्यानें त्याच क्षणीं उत्तर बांधून प्रतिकूट टाकावें आणि रात्र अशी सरावी. शिव किंवा शक्ति ही बाजू सोंगाप्रमाणेंच अंगावर घेतलेली. पण हार झाली तर ती खरी लागे.

मड इतकीं वर्षें कां टिकलें, या प्रश्नास सामान्यतः उत्तर देतात तें कल्पनाशक्तीचें: चित्र नसल्यामुळें मन स्वतः चित्र काढतें. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. एवढ्यासाठीं नाथमाधवांचें 'वीरधवल' पुरेसें आहे. कादंबरींतील पात्र आपणांस उत्तर देत नाहीं, आपल्यावर रागावत नाहीं. बार्टल यांनीं १९९६ सालीं खेळाडूंचे चार वर्ग पाडले: पदवीमागें धांवणारे, कोपरान्‌कोपरा धुंडाळणारे, माणसांसाठीं येणारे आणि इतरांस छळण्यांत सुख मानणारे. आमच्या मतें खरा टिकाव तिसऱ्यांमुळें आहे. आणि खरी कसोटी चौथ्यांमुळें लागते.

ती कसोटी 'लॅम्डामू' नामक नगरीस लागली. पावेल कर्टिस यानें ती १९९० सालीं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील संगणकावर वसविली होती. तेथें एका खेळाडूनें, भर दिवाणखान्यांत, इतरांचीं पात्रें जणूं स्वतःच लज्जास्पद कृत्यें करीत आहेत असें लिहून दाखविलें. ज्युलियन डिबेल या पत्रकारानें डिसेंबर १९९३ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां मोठा वाद माजला. शब्दच तर होते, असें कांहींनीं म्हटलें. परंतु ज्यांच्या पात्रांवर तें गुदरलें त्यांचे अश्रु खरे होते. नागरिकांची सभा भरली, तींत एकमत होईना; अखेर एका मांत्रिकानें स्वतःच्या अधिकारांत त्या पात्राचा नायनाट केला. पुढें कर्टिस यानें अर्ज व मतदान यांची पद्धत घालून दिली. ज्या जगांत शब्दांखेरीज कांहींच नाहीं, तेथें 'शब्दच तर होते' या बचावास अर्थ उरत नाहीं. वाड्यांतील भाऊबंदकी ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस हें निराळें शिकावें लागणार नाहीं.

या नगरांच्या निष्ठावंत रहिवाशांत अंध खेळाडू पुष्कळ आहेत, ही गोष्ट फारशी बोलली जात नाहीं. पडद्यावरचीं अक्षरें वाचून दाखविणारें साधन संगणकावर असलें कीं भुयारांतील वर्णन त्यांच्या कानीं पडतें, आणि डोळस खेळाडूस जें ठाऊक तेंच त्यांसहि ठाऊक असतें. कमी नाहीं, अधिक नाहीं. सचित्र खेळानें जें दार लावून घेतलें तें येथें सताड उघडें. 'वीरधवल'कार नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, सिंहगडावरून कोसळून पायांनीं पंगु झाले आणि अंथरुणास खिळून त्यांनीं अद्भुत राज्यें रचलीं. शरीरास जेथें जातां येत नाहीं तेथें वाक्यानें जावें, हा व्यवहार मराठीस नवा नाहीं.

मडची भरभराट ओसरली हें मान्य केलेंच पाहिजे. आजचीं मुलें सचित्र खेळांकडे वळलीं आहेत. पण सचित्र जग चालविण्यास कंपनी लागते, आणि कंपनीचा हिशेब जमेनासा झाला कीं तें एका रात्रींत समुद्रांत जातें. मड एखाद्या जुन्या संगणकावर सहज मावतें, आणि वेतनाविना राबणारीं दोनचार माणसें मिळालीं कीं जगतें. एक उणीव मात्र आम्हांस सलते. यांतील बहुतेक जुनीं जगें केवळ रोमन अक्षरांसाठीं घडलेलीं. नाशिकचा मुलगा आंत गेला तरी त्यास इंग्रजींतच चालावें, भांडावें, मरावें लागे. देवनागरी संगणकावर स्थिर होईपर्यंत या खेळाचा बहर सरत आला होता. सवाल-जवाबाची सवय असलेल्या भाषेस त्यांत उशिरानेंहि जागा मिळाली, तर परशरामाच्या जिल्ह्यांतील कोणी तरुण ती उणीव भरून काढील.

'लॅम्डामू' अद्याप चालू आहे. तेथें नवा माणूस शिरला कीं आजहि तो प्रथम कोट टांगण्याच्या एका अंधाऱ्या, अरुंद कपाटांत उभा असतो.  दार उघडण्याची आज्ञा त्यानें स्वतः टंकावी लागते.