साडी कर्करोग

साडी कर्करोग हा कमरेभोवतीच्या त्वचेला होणारा एक दुर्मीळ कर्करोग आहे. परकराची नाडी, लुगड्याची गाठ किंवा धोतराचा आवळलेला काठ वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसत राहिल्याने तेथील त्वचा झिजते, त्या जागी व्रण होतो आणि दीर्घकाळ न भरलेल्या अशा व्रणात क्वचित कर्करोग उद्भवतो. विकृतिशास्त्राच्या दृष्टीने तो बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजेच त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग असतो. जुन्या जखमेत किंवा वणात उद्भवत असल्यामुळे त्याची गणना मार्जोलिन व्रण या गटात केली जाते.

कमरेवरील नाडीचे वळ, खाज आणि काळे किंवा पांढरे पट्टे भारतात सर्रास आढळतात. त्यांतून कर्करोग होणे मात्र अत्यंत विरळ आहे. या दोहोंतील फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे या रोगाचे निदान आणि त्याच्या पुढील वाटचालीचा अंदाज, दोन्ही मुख्यतः ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर अवलंबून असतात.

नावे

या रोगाचे सर्वांत जुने नाव ‘धोतर कर्करोग’ असे आहे. पुढे स्त्रियांमधील रुग्णांच्या नोंदींमुळे ‘साडी कर्करोग’ हे नाव प्रचारात आले. दाब प्रत्यक्षात साडीचा नसून परकराच्या नाडीचा असतो, या कारणाने २०२४ मध्ये ‘परकर कर्करोग’ अशा अर्थाचे नाव सुचवण्यात आले. तथापि परकराशिवाय नेसल्या जाणाऱ्या लुगड्यामुळे आणि धोतरामुळेही हा रोग झाल्याची नोंद आहे. म्हणून काही लेखक वस्त्राचे नाव टाळून ‘कमरेचा कर्करोग’ असा उल्लेख करतात.

इतिहास

या रोगाचे पहिले महत्त्वाचे वर्णन मुंबईत झाले. टाटा स्मृती रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. खानोलकर यांना भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. तपासणीसाठी येणाऱ्या ऊतींचे नमुने आणि रुग्णांच्या राहणीच्या सवयी यांची सांगड घालणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते.

१९४५ मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक धोतर कर्करोग होता. उरलेले दोन तोंडाचे होते: चुट्टा पेटते टोक तोंडात ठेवून ओढल्याने होणारा टाळूचा कर्करोग, आणि तंबाखू-चुन्याची खैनी ओठाआड धरल्याने होणारा कर्करोग. तिन्ही प्रकारांत शरीराच्या ठरावीक जागी रोजची एक सवय आणि त्याच जागी उद्भवणारे अर्बुद असा संबंध दिसत होता. अशा संबंधाचे आणखी जुने भारतीय उदाहरण काश्मीरमधील कांगडी कर्करोगाचे आहे. थंडीत कपड्यांआड निखाऱ्यांची शेगडी धरल्याने पोट व मांड्यांच्या त्वचेवर होणाऱ्या या कर्करोगाचे वर्णन विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये केले होते.

२०११ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी कमरेच्या कर्करोगाचे रुग्ण पुन्हा नोंदवले. २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सत्तरीतील एका स्त्रीला उजव्या कुशीवर १८ महिने न भरलेला व्रण होता, भोवतालच्या त्वचेचा रंग गेलेला होता आणि ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. साठी उलटलेली दुसरी स्त्री ४० वर्षे दररोज परकराशिवाय घट्ट लुगडे नेसत होती. तिचा व्रण दोन वर्षांचा होता. दोघींच्या बायॉप्सीत मार्जोलिन व्रणाचे निदान झाले. दुसऱ्या स्त्रीच्या बाबतीत निदान होईपर्यंत कर्करोग जांघेतील एका लसीका ग्रंथीपर्यंत पसरला होता.

रोगप्रक्रिया

नाडी किंवा गाठ रोज त्याच रेषेवर बसते. चालताना, वाकताना आणि ओझे उचलताना तिचे घर्षण होते. सततच्या दाबामुळे बाह्यत्वचा पातळ होते आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना इजा पोहोचून त्या जागी काळपट किंवा पांढरा पट्टा दिसू लागतो. उष्ण हवेत घाम आणि धूळ तेथे साचून खाज सुटते. खाजवल्याने त्वचा सोलवटते आणि उथळ व्रण होतो. दुसऱ्या दिवशी वस्त्र पुन्हा त्याच जागी आवळले जात असल्याने तो पुरता भरून येत नाही.

भरणे आणि पुन्हा फुटणे असे चक्र वर्षानुवर्षे चालू राहिले की व्रणाच्या कडेच्या पेशींचे विभाजन सतत होत राहते. प्रत्येक विभाजनात जनुकीय चुका होण्याची शक्यता असते आणि दीर्घकालीन दाहामुळे त्यांत भर पडते. वणाच्या ऊतीत रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या कमी असल्याने बिघडलेल्या पेशींपर्यंत शरीराची प्रतिकारयंत्रणा पुरेशी पोहोचत नाही, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते.

जुन्या वणात उद्भवणाऱ्या अशा व्रणांचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद झां-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये केले. मात्र त्यांनी त्यांना कर्करोग म्हटले नव्हते. ‘मार्जोलिन व्रण’ हे नाव १९०३ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉन चाल्मर्स द कोस्टा यांनी रूढ केले. भाजल्याच्या वणात असा कर्करोग होण्यास सरासरी सुमारे ३० वर्षे लागतात. कमरेच्या कर्करोगातही रुग्णाच्या सवयीचा काळ बहुधा काही दशकांचा असतो.

लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास कमरेच्या व्रणाची तपासणी आवश्यक मानली जाते:

• उपचार करूनही काही आठवड्यांत न भरणारा किंवा भरून पुन्हा फुटणारा व्रण
• व्रणाच्या उंचावलेल्या, कडक किंवा बाहेर वळलेल्या कडा
• चामखिळीसारखी किंवा फुलकोबीसारखी वाढ
• सहज होणारा रक्तस्राव, दुर्गंधी किंवा नव्याने सुरू झालेली वेदना
• जांघेत किंवा काखेत हाताला लागणारी गाठ

केवळ रंग बदललेला किंवा जाड झालेला पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु बराच काळ वेदनारहित राहिल्यामुळे आणि कपड्याखाली झाकलेल्या जागी असल्यामुळे व्रणाकडे दुर्लक्ष होते. जवळ तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास, उदाहरणार्थ भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर, घरगुती लेप आणि मलमांवर वेळ जाण्याची शक्यता अधिक असते.

निदान

बायॉप्सी

निदानासाठी व्रणाचा लहान तुकडा काढून तपासतात. तुकडा व्रणाच्या कडेचा, शेजारची निरोगी त्वचा आणि पुरेशी खोली यांसह घेणे महत्त्वाचे असते. केवळ मध्यभागाचा तुकडा घेतल्यास त्यात मृत ऊती व दाहच दिसू शकतो. कर्करोग व्रणाच्या एखाद्याच भागात असण्याची शक्यता असल्याने मोठ्या व्रणातून अनेक ठिकाणचे नमुने घेतले जातात. एक अहवाल कर्करोगरहित आला आणि व्रण तरीही भरला नाही, तर पुन्हा बायॉप्सी करतात. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात, त्याचे काही मायक्रोमीटर जाडीचे काप काढतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगद्रव्यांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

सूक्ष्मदर्शकीय स्वरूप

कर्करोगात चपट्या पेशींचे पुंजके बाह्यत्वचेची सीमा ओलांडून खालच्या अंतस्त्वचेत शिरलेले दिसतात. पेशींची केंद्रके मोठी, गडद आणि वेडीवाकडी असतात. विभाजनाच्या अवस्थेतील पेशी अधिक आणि काही वेळा विकृत दिसतात. पेशी केरॅटिन तयार करत असल्यास त्याची गोलाकार वलये दिसतात. त्यांना केरॅटिन मोती म्हणतात.

भेदनिदान

सर्वांत अवघड प्रश्न छद्मकर्करोगी अतिवृद्धीचा असतो. कोणत्याही जुन्या व्रणाच्या कडेला बाह्यत्वचेची बोटांसारखी टोके खोलवर वाढतात आणि ती कर्करोगासारखी भासतात. मात्र त्यांच्या पेशींची केंद्रके सुबक असतात आणि टोके सहसा घामग्रंथींच्या पातळीखाली जात नाहीत. उथळ किंवा तिरक्या कापात हा भेद करणे कठीण जाते. त्वचेचा क्षय आणि खोल बुरशीसंसर्ग यांतही अशी अतिवृद्धी होते. त्यासाठी अनुक्रमे झील-नील्सन आणि पीएएस ही विशेष रंजने वापरतात. पेशींचे मूळ ओळखू येत नसल्यास प्रतिरक्षा-रंजन करतात: पी४० व पी६३ ही प्रथिने चपट्या पेशींकडे, तर एस१०० व सॉक्स१० ही मेलॅनोमाकडे निर्देश करतात.

फलानुमान

रोगाच्या पुढील वाटचालीच्या अंदाजास फलानुमान म्हणतात. कमरेच्या कर्करोगाचे नोंदलेले रुग्ण इतके थोडे आहेत की केवळ त्यांच्या आधारे स्वतंत्र आकडेवारी मांडता येत नाही. त्यामुळे हा अंदाज त्वचेचा सामान्य स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि अन्य मार्जोलिन व्रण यांच्यावरील अभ्यासांवरून बांधला जातो. विकृतिशास्त्रीय अहवालातील पुढील बाबी त्यासाठी महत्त्वाच्या असतात.

खोली: अर्बुद किती मिलिमीटर खोल गेले आहे, हे लगतच्या निरोगी बाह्यत्वचेच्या पातळीपासून मोजतात. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१५ रुग्णांच्या अभ्यासात २ मिमीपर्यंत जाडीच्या अर्बुदांचा प्रसार एकाही रुग्णात झाला नाही. जाडी २ ते ६ मिमी असताना हे प्रमाण ४ टक्के आणि ६ मिमीहून अधिक असताना १६ टक्के होते. हे रुग्ण युरोपीय होते आणि त्यांचे कर्करोग सामान्य प्रकारचे होते. म्हणून हे आकडे कमरेच्या व्रणाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. खोली वाढेल तसा धोका वाढतो, हे तत्त्व मात्र लागू होते.

विभेदन: पेशी मूळ त्वचापेशींशी किती मिळत्याजुळत्या आहेत यावरून अर्बुदाचे उत्तम, मध्यम आणि अल्प विभेदित असे स्तर करतात. अल्प विभेदित अर्बुद अधिक आक्रमक असते.

आकार आणि फैलाव: टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीनुसार ४ सेंटिमीटरहून मोठे, ६ मिमीहून खोल किंवा त्वचेखालील चरबीच्या पलीकडे गेलेले अर्बुद टी३ अवस्थेत मोडते. मज्जातंतूंभोवती किंवा रक्त-लसीकावाहिन्यांत शिरलेल्या कर्करोगपेशी हेही वाईट चिन्ह आहे.

लसीका ग्रंथी: नाभीच्या पातळीखालील त्वचेची लसीका जांघेतील ग्रंथींकडे, तर वरच्या भागाची काखेतील ग्रंथींकडे वाहते. कंबर या दोन क्षेत्रांच्या सीमेजवळ असल्याने दोन्ही जागा तपासाव्या लागतात. मार्जोलिन व्रणात ग्रंथींपर्यंत प्रसार होण्याचे प्रमाण सामान्य त्वचाकर्करोगापेक्षा अधिक असते. एकदा प्रसार झाल्यास बरे होण्याची शक्यता लक्षणीय घटते.

उपचार

मुख्य उपचार शस्त्रक्रिया हा आहे. अर्बुद भोवतालच्या निरोगी त्वचेसह काढतात. मार्जोलिन व्रणासाठी सुमारे २ सेंटिमीटरची कड राखण्याची शिफारस अनेकदा केली जाते. मोठी जखम त्वचारोपणाने झाकतात. काढलेल्या भागाच्या कडांना शाई लावून त्यांत कर्करोगपेशी उरल्या आहेत का, हे विकृतिशास्त्रज्ञ तपासतात. कड मोकळी नसल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ग्रंथींत प्रसार झालेला असल्यास त्या काढतात आणि गरजेनुसार किरणोपचार देतात. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या प्रगत त्वचाकर्करोगासाठी सेमिप्लिमॅब या प्रतिकारशक्ती-आधारित औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. उपचारानंतर व्रणाची जागा आणि लसीका ग्रंथी यांची ठरावीक काळाने तपासणी केली जाते.

प्रतिबंध

या रोगाचे कारण टाळता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी पेहराव सोडण्याची आवश्यकता नसते. दाब एका अरुंद रेषेवर पडू नये यासाठी बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे, नाडी सैल बांधणे, गाठीची जागा अधूनमधून बदलणे, झोपताना सैल वस्त्रे वापरणे आणि कंबर स्वच्छ व कोरडी ठेवणे हे उपाय उपयुक्त ठरतात. त्वचा खाजू किंवा सोलवटू लागल्यास ती पूर्ण बरी होईपर्यंत त्या जागी काहीही आवळून न बांधणे महत्त्वाचे असते. जखम भरत नसल्यास मलमे बदलत राहण्यापेक्षा बायॉप्सीची सोय असलेल्या रुग्णालयात लवकर दाखवणे हिताचे असते.

संशोधनातील मर्यादा

कमरेच्या कर्करोगावरील बहुतेक माहिती एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांतून आलेली आहे. असे वृत्तान्त रोगाचे अस्तित्व आणि स्वरूप दाखवतात. तो किती जणांना होतो किंवा कोणत्या सवयीने धोका किती पटींनी वाढतो, हे त्यांतून ठरवता येत नाही. विकृतिशास्त्रीय अहवालात ‘कमरेची त्वचा’ एवढेच नमूद झाले आणि पेहरावाचा इतिहास लिहिला गेला नाही, तर तो रुग्ण सामान्य त्वचाकर्करोगात गणला जातो. नमुन्यासोबत पाठवल्या जाणाऱ्या कागदावर व्रणाची नेमकी जागा, त्याचा कालावधी आणि वस्त्र बांधण्याची पद्धत नोंदवल्यास विविध रुग्णालयांतील माहिती एकत्र करणे शक्य होते. १९४५ मधील वर्णनामागेही नमुना आणि सवय यांची अशीच जोडणी होती.

हे सुद्धा पहा

• वसंत रामजी खानोलकर
• टाटा स्मृती रुग्णालय
• कांगडी
• नऊवारी साडी
• बायॉप्सी