जागतिक इतिहासाचा पहिला तास : कुंडल परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

जून महिन्यात शाळा उघडल्या की माध्यमिक वर्गांत इतिहासाचे अध्यापन पुन्हा सुरू होते. पहिल्या तासाला काय शिकवावे हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो, कारण पाठ्यपुस्तकातील पहिले प्रकरण हेच त्याचे तयार उत्तर असते. जागतिक इतिहासाच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरेसे ठरत नाही. कोठून प्रारंभ करावयाचा यावर जगाचा मध्य कोठे आहे, आणि आपण त्या जगात आहोत की त्याच्या बाहेर, याविषयीची विद्यार्थ्याची समजूत अवलंबून असते. प्रस्तुत लेखात सांगली जिल्ह्यातील कुंडल (ता. पलूस) या गावाचे उदाहरण घेऊन जागतिक इतिहासाच्या अध्यापनाच्या प्रारंभबिंदूचा विचार केला आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात साम्राज्यवाद, पहिले महायुद्ध, रशियन राज्यक्रांती, हुकूमशाहीचा उदय, दुसरे महायुद्ध आणि शीतयुद्ध हे विषय पूर्वी दहावीच्या वर्गात क्रमाने शिकविले जात. पुढे हे चित्र बदलले. २०१७ साली लागू झालेल्या नववीच्या पुस्तकात इतिहासाचा भाग स्वातंत्र्योत्तर भारताला, विशेषतः १९६० नंतरच्या घडामोडींना देण्यात आला. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाने इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरा आणि उपयोजित इतिहास हे विषय स्वीकारले. बारावीच्या २०२० च्या पुस्तकात मात्र युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, जागतिक महायुद्धे आणि भारत, निर्वसाहतीकरण व शीतयुद्ध अशी प्रकरणे आली.

या बदलाच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. इतिहासलेखनाची ओळख दहावीतच व्हावी हा विचार स्वागतार्हच होता. परंतु त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य अथवा तांत्रिक शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला महायुद्धांचा इतिहास स्वतंत्र विषय म्हणून भेटत नाही. नववीच्या राज्यशास्त्राचे पहिले प्रकरण ‘महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी’ हे आहे. म्हणजे युद्धानंतरचे जग त्याला समजावून घ्यावयाचे आहे, प्रत्यक्ष युद्ध मात्र त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी साहजिकच शिक्षकावर येते, आणि त्यासाठी त्याच्या हाती वर्षाचे सुरुवातीचे चार-सहा तासच असतात.

जागतिक इतिहासाची रूढ सुरुवात १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाने व युरोपातील प्रबोधनाने होते. कालक्रमाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. मात्र या मांडणीतून जग ही दूरची गोष्ट आहे, ते तिकडे घडते व कालांतराने आपल्यापर्यंत येऊन पोहोचते, असा ग्रह नकळत तयार होतो. ज्या गावाच्या शिवेवर जगाच्या इतिहासाचे प्रवाह प्रत्यक्ष येऊन मिळाले, तेथील विद्यार्थ्याच्या मनात हा ग्रह रुजणे ही शैक्षणिक हानीच म्हटली पाहिजे. कुंडल हे असे एक गाव आहे.

कुंडल : पार्श्वभूमी

झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ या स्थानांमुळे जैन समाजात तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जाणारे कुंडल ब्रिटिश काळात औंध संस्थानात होते. बहात्तर गावांचे आणि सुमारे ७५ हजार लोकवस्तीचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. कुंडलच्या शेजारची अनेक गावे तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आजचा नकाशा समोर ठेवून १९४३ चे कुंडल समजत नाही. म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर प्रथम हा जुना नकाशा यावयास हवा. सरहद्द म्हणजे काय, ती कोण आखतो आणि सामान्य माणूस तिचा उपयोग कसा करून घेतो, हा जागतिक इतिहासातील मूलभूत प्रश्न या नकाशातूनच उभा राहतो.

लोहमार्ग आणि नांगर

औद्योगिक क्रांतीचे प्रकरण सामान्यतः मँचेस्टरच्या कापडगिरण्यांपासून सुरू होते. कुंडलच्या विद्यार्थ्यासाठी ते किर्लोस्करवाडीच्या स्थानकापासून सुरू करता येते. पुणे-मिरज लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वे या लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घातला. परदेशी भांडवल आणि त्याला सरकारी हमी हे वसाहतीतील रेल्वेचे सूत्र येथेही होते. याच मार्गावरील कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेत १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपला कारखाना उभारला. लोखंडी नांगर हे त्याचे प्रमुख उत्पादन होते. पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी या नांगरांच्या विक्रीचे काम केले होते. १९२० पासून याच वसाहतीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले व पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या रूपाने ते मराठी घराघरांत पोहोचले.

या एका उदाहरणात औद्योगिक क्रांतीचे दोन चेहरे शेजारीशेजारी दिसतात. परक्या भांडवलाने घातलेला लोहमार्ग आणि त्याच मार्गावरून आलेल्या कच्च्या मालावर उभा राहिलेला देशी कारखाना यांचा संबंध विद्यार्थ्याला समजला, तर वसाहतवादाने लूट केली की आधुनिकता आणली या ठोकळेबाज प्रश्नाच्या पलीकडे तो जाऊ शकतो.

१९३९ : एका वर्षाचे दोन अर्थ

औंध संस्थानात जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्याची राज्यघटना अमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या या घटनेमागे युवराज अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या ज्यू अभियंत्याचेही परिश्रम होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत याच प्रयोगातून निर्माण झाली. राजाने स्वेच्छेने सत्ता सोडण्याचा हा प्रयोग इंदिरा रोदरमुंड यांनी स्वतंत्र ग्रंथात अभ्यासला आहे.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला जर्मनीने फ्रिडमन यांच्या मायदेशावर आक्रमण केले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींशी विचारविनिमय न करता भारत युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. एकाच वर्षात एका लहानशा संस्थानातील गावाला आपल्या कारभाराचा अधिकार मिळतो आणि संपूर्ण देशाला युद्धात ओढताना त्याचे मत विचारले जात नाही, या विसंगतीची नोंद विद्यार्थ्याने घेतली तर लोकशाही व साम्राज्यशाही या संकल्पना त्याला व्याख्येविना कळू लागतील.

प्रतिसरकार आणि दुसरे महायुद्ध

ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट व चर्चिल यांनी प्रसिद्ध केलेल्या अटलांटिक सनदेच्या तिसऱ्या कलमात प्रत्येक जनतेला आपली शासनपद्धती निवडण्याचा हक्क मान्य करण्यात आला होता. ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत खुलासा केला की, या कलमाचा रोख प्रामुख्याने नाझी वर्चस्वाखालील युरोपीय राष्ट्रांकडे आहे. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीने १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारचे रूप घेतले. ते १९४६ पर्यंत टिकले. बंगालमधील तामलुक येथील जातीय सरकार व उत्तर प्रदेशातील बलियाचे अल्पजीवी सरकार यांच्याशी त्याची तुलना केली जाते. दीर्घकाळ टिकून राहणे हे साताऱ्याचे वैशिष्ट्य होय.

कुंडल हे या चळवळीचे महत्त्वाचे केंद्र होते. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखले गेलेले रामचंद्र लाड हे तुफान सेनेचे अग्रणी होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेण्यात आली. कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहण्यास ज्या लोहमार्गाची मदत झाली, त्याच मार्गावर ही घटना घडली. बापू लाड तेव्हा विशीत होते. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळेपणाने वावरता येत नसल्याने औंधची विखुरलेली गावे भूमिगतांना आश्रयस्थान ठरली. पहिल्या तासाला काढलेला नकाशा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

याच काळात फ्रान्स व युगोस्लाव्हियामध्ये नाझी सत्तेविरुद्ध भूमिगत लढे चालू होते. साधने पुष्कळशी सारखी होती : लोहमार्गावर हल्ले, गुप्त निरोप, गावकऱ्यांचा आश्रय. परंतु तेथील लढवय्यांना ब्रिटनकडून शस्त्रे मिळत होती, तर येथील लढवय्यांच्या मागावर ब्रिटनचेच पोलीस होते. शिवाय सातारा जिल्ह्यातील अनेक तरुण त्याच वेळी मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीच्या आघाडीवर लढत होते. लष्करी परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ असे नाव पडलेले गाव याच जिल्ह्यातील. एक तरुण साम्राज्याच्या फौजेत फॅसिझमविरुद्ध लढतो व शेजारच्या गावचा तरुण त्या साम्राज्याविरुद्ध लढतो, तेव्हा न्याय कोणाच्या बाजूला होता? दुसऱ्या महायुद्धाविषयी इतका कठीण व इतका खरा प्रश्न सनावळ्यांच्या पाठांतरातून निर्माण होत नाही.

अध्यापनातील धोके

स्थानिक इतिहासापासून प्रारंभ करण्यात काही धोकेही आहेत. पहिला धोका गौरवीकरणाचा. प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली, सावकारी व गुंडगिरीला आळा घातला, कमी खर्चाचे गांधी विवाह लावले. त्याचबरोबर गुन्हेगारांना व खबऱ्यांना कठोर शारीरिक शिक्षाही दिल्या. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव त्या शिक्षांचीच आठवण देते. ज्या न्यायव्यवस्थेत वरच्या न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय नाही, तिच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न टाळून चालणार नाही. गावातील अनेक घरांचा या इतिहासाशी नातेसंबंध असल्याने तो संयमाने, पण स्पष्टपणे विचारला गेला पाहिजे.

दुसरा धोका साधनांचा. प्रतिसरकारच्या कार्यक्षेत्रातील गावांची संख्या निरनिराळ्या लेखनात दीडशेपासून कितीतरी अधिक अशी वेगवेगळी दिलेली आढळते. हा फरक का पडतो, एखादे गाव प्रतिसरकारात ‘होते’ म्हणजे नेमके काय, याची चर्चा म्हणजेच दहावीच्या पुस्तकातील इतिहासलेखनाचे प्रात्यक्षिक होय. आ. भ. शिंदे व गेल ऑम्व्हेट यांच्या अभ्यासांशी गावातील आठवणी ताडून पाहणे शिक्षकाला शक्य आहे.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये, क्रांतिसिंहांच्या कन्या व स्वतः भूमिगत कार्य केलेल्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये, तर कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये कालवश झाले. प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी संपली आहे. आता उरली आहेत ती घरांतील कागदपत्रे, छायाचित्रे, स्मारके आणि दुसऱ्या पिढीने ऐकलेल्या कथा. भूमिगतांना भाकरी पोहोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर लेखी पुरावा आणखी तुटपुंजा आहे. या वर्षीच्या वर्गाने जे नोंदवून घेतले नाही, ते पुढच्या वर्षीच्या वर्गाला मिळेलच याची शाश्वती नाही.

प्रारंभीच्या तासांची मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे वर्षारंभीचे पाच तास असे योजता येतील. पहिल्या तासाला जुना नकाशा व सरहद्दींचा प्रश्न. दुसऱ्या तासाला लोहमार्ग, नांगर व औद्योगिक क्रांती. तिसऱ्या तासाला १९३९ चे औंध आणि १९३९ चे पोलंड. चौथ्या तासाला अटलांटिक सनदेचे तिसरे कलम, चर्चिल यांचा खुलासा आणि ७ जूनची शेणोली. पाचव्या तासाला विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या एखाद्या आठवणीची छाननी करावी : ती कोणी सांगितली, त्याने ती कोणाकडून ऐकली, दुसऱ्या साधनात तिला आधार मिळतो का? यासाठी स्वतंत्र निधी वा उपकरणे लागत नाहीत. शेणोलीच्या घटनेचा दिनांक शाळा उघडण्याच्या सुमारास येतो, हाही एक सुयोग आहे.

समारोप

गावापासून सुरुवात करणे म्हणजे गावापाशी थांबणे नव्हे. कुंडलचा नकाशा साम्राज्याकडे, नांगर औद्योगिक क्रांतीकडे, औंधची घटना लोकशाहीच्या जागतिक चर्चेकडे आणि शेणोलीची गाडी महायुद्धाकडे घेऊन जाते. या क्रमाने गेलेला विद्यार्थी पुढे प्रबोधन किंवा फ्रेंच राज्यक्रांती वाचेल, तेव्हा ती त्याला परक्या देशाची गोष्ट वाटणार नाही. दहावीनंतर जो इतिहास विषय कायमचा सोडणार आहे, त्याच्यासाठी तर हे पाच तास अधिकच मोलाचे आहेत. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी परिसरातील माध्यमिक शिक्षकांच्या साहाय्याने उरलेल्या आठवणी व कागदपत्रांचे संकलन हाती घेतल्यास या तासांना भक्कम आधार मिळेल. साक्षीदार गेल्यानंतर त्यांची साक्ष टिकविण्याचे काम शाळा व महाविद्यालय यांनी एकत्रितपणेच करावे लागेल.