मुंबई स्पेशल

आज बोलतोय सिरुसेरीहून. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या आयटी पार्कात माझी नोकरी. इथे आम्ही मिलिसेकंदांचा हिशेब ठेवतो. आणि माझ्या मनगटावर आहे ते वाईच्या आमच्या डॉक्टर आजोबांचं चावीचं क्रोनोग्राफ. आत लँडेरॉन ४८ हे स्विस यंत्र. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावतो, खालचं दाबलं की थांबतो, तेच पुन्हा दाबलं की शून्यावर येतो.

क्रोनोग्राफ म्हणजे काळ लिहिणारा. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेकने लावलेलं यंत्र खरोखरच तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. शाई पुढे गेली, नाव राहिलं. विसाव्या शतकात यंत्र मनगटावर आलं आणि तबकडीच्या कडेला ज्याच्या-त्याच्या कामाचे आकडे आले. मोटारवाल्याला वेग. तोफखान्याला अंतर: उजेड दिसला की बटण, आवाज आला की बटण. आणि डॉक्टरला नाडी. तीस ठोके मोजायचे, काटा थांबवायचा. तो जिथे थांबेल तो आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. वीस सेकंद लागले तर ९०. भागाकार घड्याळानेच करून ठेवलेला!

संग्राहकांच्या जगात बरीचशी किंमत या तबकडीची. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. गंमत म्हणजे, नवी असताना त्या धाटणीची तबकडी कुणाला फारशी नको असायची. पण तबकडी पुन्हा रंगवलेली निघाली की भाव कोसळतो. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक काय म्हणतात माहीत आहे? 'मुंबई स्पेशल'. टोचतं ना? मलाही टोचलं.

पण त्या काळाकडे बघा. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर कडक बंधनं होती. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला. 'जनता'सारखी साधी, भरवशाची घड्याळं देशात मिळू लागली. पण स्विस क्रोनोग्राफची तबकडी पावसाळ्यात ओल धरून काळी पडली, तर नवी आणायची कुठून? मुंबईचे कारागीर जुना रंग काढून ती नव्याने रंगवायचे, बारीक आकडे पुन्हा उमटवायचे. गिऱ्हाइकाला घड्याळ वापरायचं होतं, कपाटात ठेवायचं नव्हतं. माझ्या मते लबाडी सुरू होते ती असं घड्याळ 'अस्सल' म्हणून परदेशी विकणाऱ्यापासून.

हे सगळं शहाणपण मला आलं ते माझं घड्याळ पकडलं गेल्यावर! माउंट रोडजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "रीपेंट, सार."

घरी येऊन मी काटा लावून बघितला. ९० चा आकडा वीस सेकंदांवर हवा, तो होता अठरावर. अठरा सेकंदांत तीस ठोके म्हणजे नाडी १००. घड्याळ सांगणार ९०. पोटात गोळा आला. आजोबांनी किती पेशंटांची नाडी चुकीची वाचली असेल?

रात्री आत्याला फोन लावला.

"अरे, त्र्याहत्तरला मुंबईहून डायल रंगवून आणली ना त्यांनी," ती म्हणाली. "त्याच दिवशी माझी नाडी धरून ताडून बघितली. म्हणाले, दिसतंय झकास, पण खोटं बोलतंय. मग ते बटण त्यांनी कधी दाबलं नाही. डावीकडच्या छोट्या सेकंदकाट्यावर अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे. ओठ हलायचे बघ त्यांचे."

ते ओठ मला आठवतात. पेशंटसाठी रामरक्षा म्हणतायत, असं मला लहानपणी वाटायचं.

परवा घड्याळजींनी विचारलं, तबकडी खरवडून बरोबर आकडे घालून देऊ का? मी फक्त तेलपाणी करून घेतलं.