लाकडाचा धर्म व आपली वडिलार्जित विद्या

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान होते, हे सर्वांस विदित आहे. परंतु त्याच्या विद्येचे मर्म काय, याचा विचार आपल्या घरांतूनही आता क्वचितच होतो. ते मर्म असे की, झाड तोडले तरी लाकूड हवेतील ओल घेणे व टाकणे सोडीत नाही.

येरमाळ्यास येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस पूर्वी बैलगाड्या येत, तो काळ कडक उन्हाचा. चाकाचे आरे व पाटे सुकून आकसत आणि लोखंडी धाव सैल होई. मग गाडीवान चाके पाण्यात भिजवीत. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे.

कपाटासही हाच न्याय लागू आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हालत नाही. हालते ते रुंदीत. फूटभर रुंदीची सागवानी फळी वैशाखात व श्रावणात मोजल्यास सुमारे एका सुताचा, म्हणजे १/८ इंचाचा, फरक पडू शकतो. म्हणून जाणता कारागीर उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची चौकट कुसू व खोबण करून पक्की जोडी आणि मधली फळी खाचेत, सरस न लावता, मोकळी बसवी. चौकट दाराचे माप राखी. फळी आतल्या आत सरके. युरोपातही १५ व्या-१६ व्या शतकांत हीच रीत रूढ झाली होती.

लाकूड अल्पायुषी असते, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील तेर येथे जावे. उत्तरेश्वराच्या प्राचीन मंदिराची कोरीव लाकडी चौकट तेथील संग्रहालयात जतन केलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या लाकडी कमानी तर खडकाच्या आडोशाने सुमारे २००० वर्षे टिकून आहेत.

प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्याने ही हालचाल फारच थोडी होते. त्यावरच हात बसलेला तरुण भरीव सागवानाची फळीही सरसाने व खिळ्यांनी जखडतो. उन्हाळ्यात ती चिरते आणि दोष मात्र लाकडाच्या माथी येतो. अशाने गिऱ्हाईक जाते व आपल्या कसबाची पतही जाते.

समाजबंधूंस आमची विनंती एवढीच की, घरातील जुने कपाट मोडीत काढण्यापूर्वी त्याची एक चौकट उकलून आतील मोकळी खाच मुलांस दाखवावी. वडिलांनी जे लिहून ठेविले नाही, ते तेथे वाचावयास मिळेल.