भुंगेऱ्याच्या पोटातली कात्री

चवळीच्या डब्यात भोकं पडलेले दाणे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. भुंगेऱ्याची अळी दाण्याच्या आत वाढते आणि मोठा झालेला किडा भोक पाडून बाहेर पडतो. गेले दोन वीकेंड मी या किड्याचा इतिहास वाचत होतो. माझा आणि बायोलॉजीचा संबंध बारावीनंतर संपला, पण वाचताना सारखी सिक्युरिटी पॅचेसची आठवण येत होती!

सुरुवात सोयाबीनपासून. १९४५ मध्ये मोझेस कुनित्झने सोयाबीनमधलं एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळं केलं. ते ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिन म्हणजे पोटातली प्रथिनं कापणारी कात्री. हा अडसर पात्यांमध्ये बसला की खाणारा भरल्या पोटी उपाशी! पुढे १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किड्याने टोमॅटोचं पान कुरतडलं की झाड असे अडसर बनवायला लागतं. म्हणजे हा झाडाचा बचाव, हे पटू लागलं.

मग चवळीची पाळी. नायजेरियात इबादानच्या संशोधन संस्थेत चवळीचं एक वाण सापडलं, टीव्हीयू-२०२७. त्याला भुंगेरा फारसा लागत नव्हता. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या गेटहाउस आणि सहकाऱ्यांनी त्याचं श्रेय दाण्यातल्या ट्रिप्सिन-अडसराला दिलं. १९८७ मध्ये त्याच अडसराचं जनुक तंबाखूत घातलं गेलं आणि पानं खाणाऱ्या अळ्या खरंच रोडावल्या. एक जनुक, एक कीड, प्रश्न संपला... असं वाटलं.

पण गोची अशी, की भुंगेऱ्याच्या अळीची मुख्य कात्री ट्रिप्सिनच्या जातीची नाहीच. ती सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लावर चालते. कुलूप एका दाराला आणि चोर दुसऱ्या दाराने! १९८९ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तर दाण्यातला ट्रिप्सिन-अडसर आणि किडीचं प्रमाण यांचा फारसा मेळ बसेना. पुढे संशय गेला दाण्यातल्या व्हिसिलिन या साठवणीच्या प्रथिनाकडे.

बरं, मग सिस्टीनवाल्या कात्रीलाच अडसर लावला तर? अमेरिकेत सोयाबीनचा तसा अडसर भुंगेऱ्याच्या अळ्यांना खाऊ घातला. आधी त्यांची वाढ मंदावली, मग त्या पुन्हा नेटाने खायला लागल्या. २००३ च्या शोधनिबंधात त्यांचे तीन डाव मांडलेत: आहेत त्याच कात्र्या जास्त बनवायच्या, अडसर ज्यांत बसत नाही अशा वापरायच्या, आणि काही कात्र्यांनी तो अडसरच कापून खायचा. हे सगळं एकाच अळीच्या आयुष्यात, पिढ्यान् पिढ्या थांबायची गरज नाही. आपल्या पॅचला उत्तर म्हणून हॅकरने पॅचच गिळावा, तसं.

आपल्या पुण्याच्या एनसीएलनेही यात भर घातली. हरभऱ्याचे अडसर घाटे अळीच्या पोटात निकामी होतात, हे त्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांचं म्हणणं आलं की घाटे अळीला जिची सवय नाही अशा झाडांचे अडसर आलटून पालटून वापरायला हवेत.

मला सगळ्यात आवडलेलं पात्र म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक. १९८६ मध्ये भुंगेऱ्याच्या पोटातल्या याच कात्र्या अभ्यासणाऱ्यांपैकी ते एक. पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्याची वर्षभराची चवळी वाचवायला त्यांनी शेवटी पुढे आणली ती तीन थरांची हवाबंद पिशवी! आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात. प्राणवायूशिवाय त्यांना अन्नातून पाणी तयार करता येत नाही, आणि ते सुकून मरतात.

पोटातल्या लढाईत अळीकडे प्रत्येक कुलपाला किल्ली होती. मर्डॉकनी लढाईच पोटाबाहेर नेली. माझ्यासारख्या, प्रत्येक बगला आणखी एक पॅच लावणाऱ्या माणसाने यावर विचार करायला हरकत नाही. असो, तुमच्या घरी चवळी कशी टिकवतात?