रुग्णशय्येजवळचे काम : महाराष्ट्रातील प्राथमिक रुग्णपरिचर्या-प्रशिक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, त्याला अंथरुणातच स्नान घालणे, तो पडून असतानाच चादर बदलणे, भरविणे, मलमूत्रविसर्जनास साहाय्य करणे, ताप, नाडी व श्वसन मोजून नोंद ठेवणे ही कामे आज परिचर्या सहायकाच्या अभ्यासक्रमात 'मूलभूत कौशल्ये' म्हणून शिकविली जातात. परिचर्येचा इतिहास मात्र बहुधा रुग्णालयांच्या स्थापना, कायदे व पदव्या यांच्या अंगाने लिहिला जातो. त्यात या साध्या कामांना फारसे स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या प्रशिक्षणाची वाटचाल स्थूलमानाने मांडली आहे. परिचर्येचे शिक्षण जसजसे वरच्या पायरीवर गेले, तसतसे शय्येजवळचे काम अप्रशिक्षित हातांकडे सरकत गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरसारख्या किनारी गावांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही.

प्राचीन विचार आणि सामाजिक व्यवहार

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठिकाणीही चार गुण अपेक्षिले आहेत. ते म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यात ज्ञानाचा उल्लेख अनुरागाच्या आधी येतो, ही बाब लक्षणीय आहे. केवळ माया असून भागत नाही, परिचर्या शिकावी लागते, हा विचार आपल्या परंपरेत होता. सामाजिक व्यवहारात मात्र तो टिकला नाही. घरातील आजाऱ्याची सेवा हे स्त्रीचे स्वाभाविक कर्तव्य मानले गेले, तर परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे विटाळाचे व म्हणून 'खालच्या' जातींचे काम ठरले. पहिल्या समजुतीमुळे हे काम अदृश्य राहिले आणि दुसरीमुळे ते हीन मानले गेले. दोन्हींचा परिणाम एकच झाला. हे काम शिकविण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आधुनिक प्रशिक्षणाचा आरंभ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, आहार आणि निरीक्षण या साध्या गोष्टींवर त्यांचा भर होता. रुग्णाला शय्याव्रण झाला तर त्याचा दोष प्रायः आजाराकडे नव्हे, परिचर्येकडे जातो, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत १८८६ साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची यांनी स्त्री-रुग्णांच्या सेवेबरोबरच परिचारिकांच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष पुरविले. १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचा पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून उल्लेख परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत आढळतो.

१८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगने प्रशिक्षित हातांची उणीव उघडी पाडली. पुण्यात साथ पसरली तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णसेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. ज्यांच्या स्पर्शाला समाज भीत होता, त्यांना उचलून आणण्याचे हे काम होते. त्याचे सामाजिक मोल मोठे होते. परंतु अशी सेवा एकेका व्यक्तीच्या धैर्यावर अवलंबून होती. तिला संस्थेचे रूप येण्यास आणखी एक तप लागले.

पुणे सेवासदनाचा प्रयोग

ते रूप रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने आले. न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर (१९०१) त्यांनी सार्वजनिक कार्यास वाहून घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. या कामी गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना साहाय्य लाभले. पुढील काही वर्षांतच सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. यांत विधवांचा भरणा लक्षणीय होता. परपुरुषाच्या देहाला स्पर्श, जातिभेद न पाळता करावयाची शुश्रूषा आणि रात्रपाळी या तिन्ही गोष्टी तत्कालीन पांढरपेशा कुटुंबांना अमान्य होत्या. रमाबाईंच्या व्यक्तिगत प्रतिष्ठेमुळे हा विरोध काहीसा बोथट झाला.

सेवासदनाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. घरात जे काम विधवेकडून विनामोबदला गृहीत धरले जात होते, तेच शिकून केले असता उपजीविकेचे साधन होऊ शकते, हे या संस्थेने दाखवून दिले. 'सेवा' हा शब्द तिने सोडला नाही, पण त्याला शिक्षणाची व वेतनाची जोड दिली.

कायदे, पदव्या आणि निसटलेले काम

१९३५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने परिचारिका, प्रसाविका व आरोग्य अभ्यागत यांची नोंदणी सुरू झाली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली आला. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठातही १९६४ साली परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. या घटनांनी परिचारिकेला व्यावसायिक प्रतिष्ठा मिळवून दिली. ती आवश्यकच होती.

परंतु या प्रगतीला दुसरी बाजू आहे. परिचारिकेवर औषधे, इंजेक्शने, नोंदी व कक्षव्यवस्थापन यांचा भार वाढला. स्वातंत्र्योत्तर काळात 'सहायक परिचारिका-प्रसाविका' हा संवर्ग निर्माण झाला. तथापि १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर तिचे रूपांतर बहुउद्देशीय आरोग्यसेविकेत झाले. लसीकरण, माताबाल आरोग्य व कुटुंबनियोजन ही तिची मुख्य कामे ठरली. म्हणजे जिच्याकडे सहायकाचे काम यावयाचे, तीही रुग्णशय्येपासून दूर गेली.

मग कूस कोणी बदलावयाची? रुग्णालयात ते काम 'मावशी' आणि 'मामा' यांच्याकडे गेले. ही संबोधने आपुलकीची असली तरी ती व्यवसायाची नावे नव्हेत. नात्याच्या नावामुळे प्रशिक्षण, वेतनश्रेणी व दायित्व हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. घरातील सुनेच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही रुग्णालयीन आवृत्ती होय.

कौशल्याची साक्ष

हे काम 'साधे' असले तरी सोपे नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत तेथेच उपचाराधीन होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचे प्रकरण आले, तेव्हा इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांना शय्याव्रण झाला नव्हता, ही बाब ठळकपणे पुढे आली. सुमारे दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, हाडांच्या उंचवट्यांवर लाली दिसताच दक्ष होणे यांतूनच असा परिणाम साधतो. तो अनुरागाचा परिणाम तर आहेच, पण तितकाच उपचारज्ञतेचाही आहे.

२०२० च्या कोविड साथीत नातेवाइकांना कक्षात प्रवेश नव्हता. आजवर त्यांच्याकडून गृहीत धरलेले काम तेव्हा एकाएकी उघडे पडले. १८ जून २०२१ रोजी केंद्र शासनाने सहा प्रकारच्या कामांसाठी सुमारे एक लाख व्यक्तींना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात गृह-परिचर्या व मूलभूत परिचर्या या दोन कामांचा समावेश होता. प्लेगनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी पुन्हा साथीनेच हा धडा द्यावा, हे विचार करावयास लावणारे आहे.

कोकणचा संदर्भ

वासिष्ठी व शास्त्री या नद्यांच्या खाड्यांमधील गुहागर तालुक्यात वेळणेश्वर वसले आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ इतकी घटली. याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष चाकरीसाठी मुंबईस गेले. गावात वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया मागे राहिल्या. अर्धांगवायू झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध डेरवण, रत्नागिरी वा मुंबईच्या रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा खरी परिचर्या सुरू होते आणि ती बहुधा दुसऱ्या एका वृद्धेच्या हाती असते. तिला रुग्णाला उचलण्याची रीत कोणी शिकविलेली नसते. परिणामी रुग्णाला शय्याव्रण आणि तिला पाठदुखी जडते.

अशा गावांत प्रशिक्षित सहायकाची गरज स्पष्ट आहे. त्याला काय करावे याबरोबरच काय करू नये, आणि परिचारिकेस वा डॉक्टरांस केव्हा बोलवावे, हेही शिकविणे अगत्याचे आहे.

समारोप

उपरोक्त आढाव्यावरून असे दिसते की, महाराष्ट्रात प्राथमिक परिचर्येचे प्रशिक्षण संकटकाळी आठवले आणि स्थैर्याच्या काळात विसरले गेले. अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आज उपलब्ध आहेत. परंतु प्रमाणपत्रानंतर नोंदणी, निश्चित वेतन व पुढील शिक्षणाची वाट नसेल, तर हा सहायक नव्या नावाचा 'मामा' किंवा नव्या नावाची 'मावशी' ठरेल. सेवासदनाने शतकापूर्वी सेवेला शिक्षण व वेतन यांची जोड दिली होती. रुग्णशय्येजवळच्या शेवटच्या पायरीपर्यंत ती जोड पोहोचविणे हे अपुरे राहिलेले कार्य आहे. ग्रामीण महाविद्यालयांनी ते आपल्या कक्षेबाहेरचे मानू नये.