सुगीची लग्ने आणि न हललेली माणसे

जुन्या लग्नाचा फोटो हाती आला की नातवंडांच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो: त्या काळी माणसे हसत नसत काय? खुर्चीवर बसलेला नवरदेव, शेजारी उभी नवरी, दोघांची नजर समोर कोठेतरी खिळलेली. एवढ्या एका तसबिरीवरून आपण साऱ्या पिढीच्या स्वभावाचा निवाडा करून मोकळे होतो. हा निवाडा अन्यायाचा आहे. खेड्यातले लग्न म्हणजे थट्टा, रुसवेफुगवे, पंगतीतला आग्रह आणि मांडवभर पोरे. ह्यातले काहीच त्या फोटोत का उतरले नाही, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

शेतकऱ्याचे लग्न पंचांगाइतकेच पिकावर ठरते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. तोवर कोकणात भाताची कापणी उरकत आलेली असते, देशावर बाजरी खळ्यात आलेली असते. वैशाखातल्या लग्नांची धूम मोठी खरी; पण शरदाच्या अखेरीस लागणाऱ्या लग्नाला ना उन्हाची काहिली, ना पाण्याची ओढ. इंग्लंडातही अशीच रीत होती. ॲन कुसमॉल ह्या विदुषीने १५३८ ते १८४० ह्या काळातील तिथल्या विवाहनोंदी चाळून १९९० साली दाखवून दिले, की धान्य पिकवणाऱ्या गावांत लग्ने शरदात गर्दी करीत, आणि गुरेमेंढ्या पाळणाऱ्या गावांत ती वसंताकडे झुकत. कापणी संपे, सालगड्यांचे साल पुरे होई, हाती मजुरी पडे, आणि मग लग्न निघे.

अशा सुगीनंतरच्या लग्नाचे मोकळे चित्र कॅमेऱ्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी निघालेले आहे. फ्लँडर्सच्या पीटर ब्रॉयगेलने १५६७च्या सुमारास रंगवलेली ती शेतकऱ्यांची मेजवानी आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. जेवणावळ चालली आहे धान्याच्या कोठारात. भिंतीवर दोन पेंढ्या टांगलेल्या. दोघे गडी बिजागरीवरून काढलेल्या दारावर वाडगे मांडून वाढायला निघाले आहेत. पुढे एक पोर बोटे चाटीत बसले आहे. नवरी हिरव्या कापडापुढे पापण्या मिटल्यासारख्या करून बसली आहे, आणि नवरा नेमका कोणता, ह्याचा वाद जाणकारांत अजून मिटलेला नाही! कुंचल्याला जे साधले ते यंत्राला साधायला फार काळ लागला.

१८३९ साली दागेरने आपली युक्ती जगापुढे मांडली तेव्हा एका चित्राला मिनिटेच्या मिनिटे लागत. पुढे ही वेळ सेकंदांवर आली, तरी मानेमागे लोखंडी टेकू लावूनच माणसाला बसवीत. हसू तेवढा वेळ टिकत नाही; टिकवले तर ते हसू राहत नाही. राजघराणेही ह्यातून सुटले नाही. २५ जानेवारी १८५८ रोजी थोरल्या राजकन्येच्या लग्नाच्या दिवशी व्हिक्टोरिया राणी, तिचा पती आणि ती नवरी मुलगी फोटोला उभी राहिली. राणीला कंप आवरेना, आणि चित्रात तिचा चेहरा पुसट उमटला. लेक सासरी निघालेल्या आईचे ह्याहून खरे चित्र कोणते निघणार? पण त्या काळच्या हिशेबी ते बिघडलेले चित्र.

१८५१ साली आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत तर काचेवरचे रसायन सुकण्याच्या आत फोटो घेऊन तो धुवावाही लागे. खेड्यात जायचे तर अंधारा तंबू, बाटल्या आणि काचांच्या पेट्या गाडीत घालून न्याव्या लागत. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली, पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तिचा वर्ग सुरू झाला. पण बहुतेक माणसे स्टुडिओतच टिपली गेली. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या नाना जातींच्या लोकांचे जे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले, त्यांत स्टुडिओत उभ्या केलेल्या माणसांच्या आकृत्या वेगळ्या दृश्यांवर बसवल्या आहेत. माणूस खरा, जागा खरी, पण त्या जागी तो माणूस कधी उभाच नव्हता!

१८७१ साली मॅडॉक्सने कोरड्या काचेचा मार्ग दाखवला, १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला. आता तरी लग्न मोकळे टिपले जावे. तसे झाले नाही, आणि इथे यंत्राला दोष देऊन भागत नाही. पिएर बुर्द्यू ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आपल्याच बेआर्न मुलखातील शेतकऱ्यांचा अभ्यास करून १९६५ साली लिहिले आहे, की लग्नाचा समुदायफोटो तिथे विधीचाच भाग होऊन बसला होता. ताठ, समोर तोंड करून उभे राहणे म्हणजे पाहणाऱ्याचा मान राखणे आणि स्वतःचाही. बेसावध टिपले जाणे त्यांना अपमानासारखे वाटे.

आपल्या खेड्यांनाही हे अपरिचित नाही. फोटो म्हटला की पदर सावरला जाई, टोपी सरळ होई, वरमाय मधली खुर्ची घेई. वर्षानुवर्षे मातीत वाकलेल्या माणसाला सरळ उभे राहून स्वतःला पाहण्याची ती एकच संधी. तिथे त्याने गबाळेपणाने का उभे राहावे? मोकळेपणाची हौस ज्यांना रोज आरसा मिळतो त्यांची, असे मला अनेकदा वाटते. शिवाय गोरज मुहूर्त. मार्गशीर्षात सूर्य लवकर मावळतो. अंतरपाट दूर व्हायचा तो क्षण ऐन संधिप्रकाशातला. जर्मनीत १८८७ साली निघालेली मॅग्नेशियमची भुकटी भडका उडवी आणि धूर करी. विजेचे फ्लॅशबल्ब १९२९नंतर आले. कंदिलाच्या उजेडात पडलेल्या कित्येक अक्षता कोणत्याच काचेवर उतरल्या नाहीत.

आज शेताच्या बांधावर, कडब्याच्या गंजीला टेकून जोडपी फोटो काढवितात. 'सहज बसा, कॅमेऱ्याकडे पाहू नका', असे त्यांना सांगावे लागते. टेकू मानेमागून निघून शब्दांत आला, एवढेच. त्यांतही गोड चित्रे निघतात, नाही असे नाही. पण आजीआजोबांच्या त्या फोटोत काचेपुढे ताठ झालेली माणसे पाहून झाली, की मागच्या रांगेत डावीकडे नीट पाहावे. तिथे बहुधा एखादे पोर असते. सगळे थांबले तेव्हा ते थांबलेले नसते, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा उमटलेला असतो.